औषध प्रयोगशाळांवरील कामाचा भार आणि स्वयंचलनाची साथ

गोव्यातील वेर्णा, कुंडई, पिळर्ण आदी औद्योगिक वसाहतींत तयार होणारी औषधे देशभर जातात आणि परदेशी बाजारपेठांतही पोहोचतात. गोळ्या तयार करून पाकिटांत भरण्याचे काम काही दिवसांत उरकते. मात्र गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेचा निकाल हाती येईपर्यंत त्या बॅचचे एक खोकेदेखील कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊ शकत नाही. गेल्या काही दशकांत उत्पादनाची यंत्रे वेगवान झाली, औषधांचे प्रकार वाढले आणि नियामकांच्या अपेक्षाही वाढल्या. प्रयोगशाळेची क्षमता त्याच प्रमाणात वाढली असे मात्र म्हणता येत नाही. त्यामुळे अनेक कारखान्यांत तयार माल गोदामात पडून राहतो आणि सगळ्यांचे डोळे प्रयोगशाळेकडे लागलेले असतात.

हा भार पेलण्यासाठी स्वयंचलनाचा, म्हणजे माणसाच्या हातचे ठरावीक काम यंत्राकडे आणि संगणकाकडे सोपवण्याचा, मार्ग सर्वत्र अवलंबला जात आहे. तो योग्यही आहे. परंतु यंत्र आणले की भार आपोआप हलका होतो, ही समजूत फसवी आहे. यंत्र काम नाहीसे करत नाही, ते कामाची जागा बदलते. ही गोष्ट ध्यानात घेऊन आखणी केली तरच स्वयंचलनाचा लाभ पदरात पडतो.

भार येतो कुठून?

प्रयोगशाळेत तपासणीसाठी येणारा नमुना म्हणजे केवळ तयार गोळी, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात नमुन्यांची सुरुवात कच्च्या मालापासून होते. मूळ औषधी द्रव्य, त्यात मिसळले जाणारे स्टार्च, लॅक्टोजसारखे पदार्थ, बाटल्या आणि वेष्टनाची पाने या सर्वांची तपासणी वापरापूर्वी करावी लागते. उत्पादन सुरू असताना मधल्या टप्प्यांवरचे नमुने येतात. एका औषधाचे उत्पादन संपवून त्याच यंत्रावर दुसरे घेण्यापूर्वी, यंत्र धुतल्यानंतर पहिल्या औषधाचा अंश उरला नाही ना, हेही तपासावे लागते. कारखान्यात वापरले जाणारे शुद्ध पाणी आणि उत्पादन कक्षांतील हवा व पृष्ठभाग यांचे नमुने तर ठरलेल्या वेळापत्रकाने सतत येतच असतात.

तयार औषधाच्या एका नमुन्यावर एकच चाचणी होत नाही. औषध तेच आहे ना, त्याचे प्रमाण लेबलवर लिहिल्याइतके आहे ना, अनावश्यक अशुद्ध घटक मर्यादेत आहेत ना, गोळी ठरावीक वेळेत विरघळते ना, प्रत्येक गोळीत औषध सारखे आहे ना, ओलावा किती, जंतूंची संख्या किती, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे स्वतंत्र चाचण्यांतून मिळवावी लागतात.

यात सर्वांत मोठा वाटा बहुधा स्थिरता चाचण्यांचा असतो. औषधावर छापलेली मुदत ही अंदाजाने ठरत नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनुसार नव्या औषधाच्या किमान तीन बॅच नियंत्रित तापमान व आर्द्रतेच्या कक्षांत ठेवल्या जातात आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी व त्यानंतर वर्षातून एकदा त्यांची तपासणी होते. शिवाय ४० अंश सेल्सिअस तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता अशा कठोर स्थितीत सहा महिन्यांची वेगळी चाचणी असते.

हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. तीन वर्षांच्या मुदतीसाठी प्रारंभ, ३, ६, ९, १२, १८, २४ आणि ३६ महिने अशा आठ वेळा तपासणी होते. कठोर स्थितीतील तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याच्या दोन तपासण्या धरून एका बॅचमागे दहा. तीन बॅचचे तीस. तेच औषध दोन मात्रांत आणि प्रत्येक मात्रा दोन प्रकारच्या वेष्टनांत असेल तर नमुन्यांची संख्या १२० च्या घरात जाते. प्रत्येकावर चार चाचण्या धरल्या तरी एकाच उत्पादनासाठी जवळपास ४८० चाचण्या होतात. औषध बाजारात आल्यावरही हे संपत नाही. दरवर्षी प्रत्येक मात्रेच्या आणि वेष्टनाच्या किमान एका बॅचची भर त्यात पडत राहते.

हे नमुने ठरलेल्या तारखेला कक्षातून बाहेर काढून ठरलेल्या मुदतीत तपासावे लागतात. त्याच आठवड्यात विक्री विभागाला तातडीने हवी असलेली बॅच आली, तर प्रयोगशाळेसमोर दोन्हीकडून पेच उभा राहतो. एकूण काम जास्त असणे ही अडचणीची एक बाजू झाली. ते समप्रमाणात न येता लाटांसारखे येते, ही तितकीच महत्त्वाची दुसरी बाजू होय.

एका चाचणीतील हातकाम

गोळी पोटात गेल्यावर त्यातील औषध किती वेगाने मोकळे होईल, याचा अंदाज देणारी डिसोल्युशन चाचणी हे प्रयोगशाळेतील कष्टाचे उत्तम उदाहरण आहे. सहा काचपात्रांत, बहुतेक वेळा प्रत्येकी ९०० मिलिलिटर द्रव ३७ अंश सेल्सिअसला ठेवला जातो. प्रत्येकात एक गोळी टाकून वल्ह्यासारखे पाते ठरावीक गतीने फिरवले जाते. ठरलेल्या मिनिटाला प्रत्येक पात्रातून थोडा द्रव काढून, गाळून त्यातील औषधाचे प्रमाण मोजले जाते.

द्रव काढण्याच्या वेळेत दोन टक्क्यांपेक्षा अधिक फरक चालत नाही. दहाव्या मिनिटाचा नमुना म्हणजे अलीकडे किंवा पलीकडे फक्त बारा सेकंद. सहा पात्रे एकट्या माणसाने सांभाळायची तर गोळ्याही काही सेकंदांच्या अंतराने टाकाव्या लागतात आणि नमुनेही त्याच क्रमाने काढावे लागतात. दोन औषधांची तुलना करण्यासाठी बारा गोळ्यांचे पाच वेळांचे नमुने घेतले, तर साठ नळ्या भरतात. प्रत्येक नळीच्या विश्लेषणाला दहा मिनिटे धरली तरी यंत्र दहा तास अडकते. त्यात यंत्र नीट चालते आहे याची खात्री देणारी प्रमाण द्रावणांची मोजमापे वेगळी. सहा गोळ्यांचा निकाल पहिल्या निकषात बसला नाही, तर आणखी सहा आणि तरीही निर्णय झाला नाही तर आणखी बारा गोळ्या घ्याव्या लागतात, अशी औषधकोशांचीच तरतूद आहे.

येथे स्वयंचलित यंत्र द्रव काढते, गाळते, नळीत भरते आणि वेळेची नोंदही स्वतःच करते. सेकंदांची कसरत संपते आणि माणूस दुसऱ्या कामाला मोकळा होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रात्री तीन वाजता घेतलेला नमुना आणि दुपारी घेतलेला नमुना यांत हाताच्या थकव्याने पडणारा फरक राहत नाही.

भार असह्य झाला की

औषधाच्या तपासणीत हयगय झाली तर काय होते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकोल या विषारी द्रव्याने दूषित झालेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या यंत्रणेतील त्रुटी चव्हाट्यावर आल्या. २०२२ मध्ये गांबियात भारतातून गेलेल्या सिरपांशी साठहून अधिक बालकांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. त्या सिरपमध्ये तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला हेच द्रव्य ४८.६ टक्के आढळले. कच्च्या मालातील त्याची स्वीकृत मर्यादा ०.१ टक्का आहे.

या घटनांचे कारण प्रयोगशाळेवरील कामाचा ताण एवढेच होते, असे म्हणणे चूक ठरेल. त्यांतून धडा मिळतो तो वेगळा. चाचणी ही औषध आणि रुग्ण यांच्यामधली शेवटची भिंत आहे आणि ती ज्या कारणाने टाळली जाईल ते प्रत्येक कारण घातक आहे. ग्लिसरीनसारख्या द्रव्याचे एकच पिंप तपासून भागत नाही, आलेल्या प्रत्येक पिंपाची खात्री करावी लागते, ती याचसाठी. १ जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या सिरपांची सरकारमान्य प्रयोगशाळेत आधी तपासणी करून घेणे केंद्र सरकारने बंधनकारक केले. सुरक्षिततेसाठी घातलेली अशी प्रत्येक अट रास्त असते, पण तिच्यासोबत प्रयोगशाळेच्या टेबलावर आणखी नमुने येतात.

भाराचा दुसरा धोका दिसत नाही, म्हणून अधिक गंभीर आहे. वेळेचा दट्ट्या असलेल्या माणसाला नापास निकाल हा नकोसा पाहुणा वाटू लागतो. त्याची चौकशी म्हणजे आणखी कित्येक दिवसांचे काम. मग पुन्हा एकदा चाचणी करून पाहू, जमले तर तोच निकाल धरू, असा मोह होतो. अमेरिकेतील बार लॅबोरेटरीज खटल्यात १९९३ साली न्यायाधीश आल्फ्रेड वोलिन यांनी याच प्रवृत्तीवर बोट ठेवले. निकाल मर्यादेबाहेर गेला तर त्याची रीतसर चौकशी झालीच पाहिजे, पास होईपर्यंत चाचण्या करत राहणे मान्य नाही, हे तत्त्व त्या निकालाने पक्के झाले. २००५ मध्ये न्यू जर्सीतील एबल लॅबोरेटरीज या कंपनीत कागदावरील निकाल आणि संगणकातील मूळ नोंदी यांत तफावत उघड झाली. कंपनीला आपली सर्व उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली.

प्रयोगशाळेतील कामाच्या नियोजनाचा संबंध म्हणूनच केवळ खर्चाशी आणि वेळेशी नसतो, तो सचोटीशीही असतो. माणसाला प्रामाणिक राहणे सोपे जाईल अशी कामाची रचना करणे, ही व्यवस्थापनाची जबाबदारी ठरते.

यंत्रे कशी आली?

प्रयोगशाळेतील स्वयंचलनाचा आरंभ रुग्णालयांतून झाला. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ लेनर्ड स्केग्ज यांनी रक्ताचे नमुने एका नळीतून सलग वाहते ठेवून तपासणारे यंत्र तयार केले आणि टेक्निकॉन कंपनीने ते १९५७ मध्ये ऑटोअॅनालायझर या नावाने बाजारात आणले. हेच तंत्र पुढे गोळ्यांच्या तपासणीसाठीही वापरले गेले. १९७० च्या दशकात द्रवातील घटक वेगवेगळे करून मोजणारे एचपीएलसी यंत्र औषध प्रयोगशाळांत रुळू लागले आणि त्याला एकामागून एक नमुना आपोआप देणारा ऑटोसॅम्पलर जोडला गेला. रात्री कुलूप लावलेल्या प्रयोगशाळेतही काम चालू राहू शकते, हे या जोडणीने दाखवून दिले. १९८२ मध्ये झायमार्क कंपनीचा झायमेट हा यांत्रिक हात आला. नळ्या उचलणे, द्रव ओतणे, ढवळणे अशी तयारीची कामे तो करू लागला.

त्याच दशकात नमुन्यांच्या नोंदींसाठी संगणक प्रणाली आल्या. त्या आज लिम्स या संक्षिप्त नावाने ओळखल्या जातात. यंत्राचा हात जितका उपयोगी, तितकीच ही वहीची जागा घेणारी प्रणालीही उपयोगी ठरली. कोणता नमुना कुठे आहे, याचा शोध घेण्यात जाणारा वेळ हाही कामाचाच भाग असतो, ही जाणीव तिने करून दिली.

आज यंत्रांकडे काय सोपवता येते?

नमुना दाखल होताच त्यावर बारकोड लागतो आणि त्याच्या कोणत्या चाचण्या, कोणत्या पद्धतीने, कोणत्या तारखेपर्यंत व्हायच्या हे प्रणाली ठरवते. स्थिरता कक्षातून कोणता नमुना कधी काढायचा याची आठवण ती आधीच देते. विश्लेषकाचे प्रशिक्षण पूर्ण आहे का, यंत्राचे अंशशोधन मुदतीत आहे का, रसायनाची मुदत उलटली तर नाही ना, हेही काम सुरू होण्यापूर्वीच तपासले जाते. कागदी पद्धतीत या चुका बहुधा काम संपल्यावर लक्षात येतात आणि सगळे पुन्हा करावे लागते.

वजनकाटा थेट संगणकाला जोडला की आकडे हाताने उतरवण्याची गरज राहत नाही. द्रावणे पातळ करणारी यंत्रे, ओलावा मोजणाऱ्या कार्ल फिशर यंत्राला नमुने पुरवणारी साखळी, जंतूंच्या बश्यांवरील वसाहती मोजणारे कॅमेरे अशी साधने उपलब्ध आहेत. गोव्यासारख्या दमट प्रदेशात ओलावा शोषणारे नमुने उघड्यावर जितका कमी वेळ राहतील तितके बरे. बंद कुप्यांतून काम करणाऱ्या यंत्राचा तेथे दुहेरी फायदा होतो. एचपीएलसीचे निकाल लिम्समध्ये थेट उतरतात, आकडेमोड प्रमाणित सूत्रांनी होते आणि अंतिम विश्लेषण प्रमाणपत्रही त्याच नोंदींतून तयार होते.

काही ठिकाणी याच्याही पुढे जाऊन भार उगमापाशीच कमी केला जातो. उत्पादन सुरू असतानाच प्रकाशकिरणांच्या साहाय्याने मिश्रण एकजीव झाले का, ओलावा योग्य आहे का, हे मोजता येते. अशा तंत्रांना उत्तेजन देणारी मार्गदर्शक सूत्रे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये प्रसिद्ध केली होती. उत्पादनादरम्यानची मोजमापे पुरेशी भक्कम असतील आणि नियामकाची मान्यता असेल तर शेवटच्या काही चाचण्या वगळता येतात. मात्र त्यासाठी प्रक्रियेचे सखोल ज्ञान आणि मोठी गुंतवणूक लागते.

अडथळा पुढे सरकतो

स्वयंचलनाचे गणित समजून घेण्यासाठी रांगेचा एक साधा नियम उपयोगी पडतो. तो जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. रांगेत असलेली संख्या म्हणजे दररोज पूर्ण होणारे काम गुणिले प्रत्येकाला लागणारे दिवस. समजा, प्रयोगशाळेत २४० नमुने प्रलंबित आहेत आणि दिवसाला ३० पूर्ण होतात, तर एका नमुन्याला सरासरी आठ दिवस लागणार. हा अवधी पाच दिवसांवर आणायचा तर दोनच वाटा आहेत. दिवसाला ४८ नमुने पूर्ण करायचे किंवा प्रलंबित नमुन्यांची संख्या १५० वर आणायची.

बहुतेक व्यवस्थापने पहिली वाट धरतात आणि नवी एचपीएलसी यंत्रे घेतात. यंत्रे रात्रभर चालतात. सकाळी विश्लेषक येतो तेव्हा शंभर आलेख त्याची वाट पाहत असतात. प्रत्येक आलेख नीट वाचायचा, शिखरांच्या रेषा योग्य ओढल्या आहेत का ते पाहायचे, आकडेमोड तपासायची आणि मग दुसऱ्या अनुभवी व्यक्तीने ते सर्व पुन्हा पडताळायचे. पडताळणी करणारे दोघेच असतील आणि त्यांच्याकडून दिवसाला तीसच नमुने पुढे जात असतील, तर यंत्रे कितीही वाढली तरी बाहेर पडणारे नमुने तीसच राहणार. पूर्वी नमुने यंत्रापुढे थांबत होते, आता ते पडताळणीच्या टेबलावर थांबतात. फरक इतकाच की ही रांग डोळ्यांना दिसत नाही. ती संगणकात असते.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वी नमुन्याचा संपूर्ण प्रवास मोजणे आवश्यक असते. नमुना दाखल झाल्यापासून निकालावर सही होईपर्यंत किती तास प्रत्यक्ष काम झाले आणि किती तास तो नुसता पडून होता, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की खरी अडचण कुठे आहे ते समजते. पडून राहण्याचा वेळ जास्त असेल तर वेगवान यंत्रापेक्षा चांगले वेळापत्रक अधिक उपयोगी पडते. एकाच पद्धतीने तपासायचे नमुने एकत्र करून एकाच फेरीत लावले तर प्रमाण द्रावणे आणि यंत्राची तयारी एकदाच करावी लागते. पण मोठी फेरी जमेपर्यंत थांबत राहिले तर पहिला नमुना उगाच ताटकळतो. स्थिरता नमुन्यांच्या तारखा महिनोन् महिने आधी ठाऊक असतात. त्या ध्यानात घेऊन उत्पादनाचे वेळापत्रक आखले तर लाटांची उंची कमी होते. हे काम एकट्या प्रयोगशाळेचे नाही, त्यात उत्पादन विभागालाही सामील व्हावे लागते.

पडताळणीतही स्वयंचलनाला वाव आहे. सर्व निकष बिनचूक पाळले गेलेल्या नोंदी वेगळ्या काढून, काहीही वेगळे घडलेल्या नोंदी प्रणालीने पुढे मांडल्या तर अनुभवी डोळ्यांना जेथे गरज आहे तेथे वेळ देता येतो. मात्र प्रणालीचे हे निकष आधी सिद्ध करून घ्यावे लागतात.

नोंदींची सचोटी

संगणकातील नोंद कागदावरील नोंदीइतकीच ग्राह्य कधी मानावी, याचे नियम अमेरिकेने १९९७ मध्ये लागू केले. ते ‘भाग ११’ या नावाने औषध उद्योगात परिचित आहेत. नोंद कोणी केली हे कळावे, ती वाचता यावी, काम होताना केलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी, ही पाच तत्त्वे आज जगभरातील तपासनीस पाहतात. प्रत्येक बदल कोणी, कधी आणि कशासाठी केला याचा माग प्रणालीने आपोआप ठेवायचा असतो आणि तो कोणालाही बंद करता येता कामा नये.

स्वयंचलनाने ही सचोटी बळकट होते, पण ती फुकट मिळत नाही. चार जणांनी एकच पासवर्ड वापरला तर सर्वांत महागडी प्रणालीही निरुपयोगी ठरते. विश्लेषकालाच नोंदी खोडण्याचा अधिकार दिला, संगणकाचे घड्याळ बदलण्याची मुभा ठेवली किंवा बदलांचा माग तपासायला कोणालाच वेळ दिला नाही, तर जुनेच दोष नव्या वेष्टनात येतात. पावसाळ्यात वीज खंडित होते आणि रात्रीची फेरी मध्येच थांबते, हा अनुभव गोव्यातील उद्योगांना नवा नाही. अखंड वीजपुरवठ्याची सोय, नोंदींच्या सुरक्षित प्रती आणि अर्धवट राहिलेल्या फेरीचे काय करायचे याची लेखी पद्धत, या गोष्टी यंत्र सुरू करण्यापूर्वीच ठरलेल्या असाव्या लागतात.

लहान उद्योगांपुढचा प्रश्न

मोठ्या कंपन्यांना यांत्रिक हात आणि विस्तृत प्रणाली परवडतात. लहान आणि मध्यम उद्योगांचे गणित वेगळे असते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित शेड्यूल एम अधिसूचित केले. त्यात गुणवत्ता व्यवस्था, जोखमीचे मूल्यमापन, उत्पादनाचा वार्षिक आढावा आणि संगणकीकृत प्रणालींची प्रमाणसिद्धता यांवर भर आहे. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. लहान उद्योगांना सुरुवातीला एक वर्ष देण्यात आले आणि सुधारणेचा आराखडा सादर करणाऱ्यांसाठी ही मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली.

अशा उद्योगांनी सारे एकदम करण्याची गरज नाही. क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम चाचण्यांच्या पद्धती आणि नोंदींचे नमुने एकसारखे करावेत, कारण विस्कळीत पद्धतीचे स्वयंचलन केले तर विस्कळीतपणाच वेगाने होतो. त्यानंतर बारकोड आणि नमुन्यांचा माग ठेवणारी साधी प्रणाली आणावी. तिचा खर्च यांत्रिक हातापेक्षा पुष्कळच कमी असतो. मग वजनकाटे, पीएच मापक, एचपीएलसी यांसारखी उपकरणे त्या प्रणालीला जोडावीत. सर्वांत शेवटी, ज्या चाचणीत खरोखर सर्वाधिक तास जातात तिच्यासाठी स्वतंत्र यंत्राचा विचार करावा. प्रत्येक टप्प्यावर यंत्राची स्थापना योग्य झाली आहे, ते अपेक्षेप्रमाणे चालते आहे आणि प्रत्यक्ष नमुन्यांवर हातकामाइतकेच विश्वसनीय निकाल देते आहे, हे लेखी सिद्ध करावे लागते. या कामाचे महिने आणि देखभालीचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीत धरला नाही, तर पुढे आर्थिक ओढाताण होते.

माणसाचे स्थान

स्वयंचलनाचे नाव निघाले की नोकऱ्यांचा प्रश्न येतो आणि तो अस्थानी नाही. रसायनशास्त्राची किंवा औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन दरवर्षी बाहेर पडणाऱ्या गोमंतकीय तरुण-तरुणींसाठी गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळा हे पहिल्या नोकरीचे ठिकाण असते. द्रावणे मोजणे, नळ्या भरणे, आकडे उतरवणे ही कामे यंत्राकडे जाणार हे निश्चित आहे. मात्र आलेख वाचणे, नापास निकालाचे मूळ शोधणे, पद्धती विकसित करणे, प्रणाली प्रमाणित करणे आणि यंत्रांची काळजी घेणे या कामांना माणसे लागतातच. अडचण अशी की ही दुसऱ्या प्रकारची कौशल्ये पहिल्या प्रकारच्या कामातूनच अंगी मुरत असत. हाताने शेकडो द्रावणे केलेल्या विश्लेषकाला आलेखातील विचित्र शिखर पाहताच ते गाळणीतून आले की काचेतून, याचा अंदाज येतो. यंत्रापुढे बसून शिकलेल्याला तो यावा यासाठी प्रशिक्षणाची वेगळी रचना करावी लागेल. महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत नोंदींची सचोटी, संख्याशास्त्र आणि संगणकीकृत प्रणालींची प्रमाणसिद्धता या विषयांना ठळक स्थान मिळणे त्यासाठी आवश्यक आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश आता याही क्षेत्रात होऊ घातला आहे. युरोपीय नियामकांनी जुलै २०२५ मध्ये या विषयावरील स्वतंत्र परिशिष्टाचा मसुदा चर्चेसाठी खुला केला. त्याचा रोख सावध आहे. एकदा शिकवून स्थिर केलेल्या आणि तेच विचारले असता तेच उत्तर देणाऱ्या प्रणालींना त्यात वाव आहे. मजकूर स्वतः रचणाऱ्या प्रणाली रुग्णाच्या सुरक्षिततेशी थेट संबंध असलेल्या कामांत वापरू नयेत, असे त्यात सुचवले आहे. निर्णयाची जबाबदारी ओळखता येणाऱ्या माणसावरच राहिली पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे.

बॅच बाजारात सोडण्यासाठी कारखान्यात जी सही होते, ती आजही माणसाचीच असते आणि तिच्यामागे कायद्याचे उत्तरदायित्व असते. यंत्रांनी वाचवलेले तास उद्याच्या आणखी नमुन्यांनी भरून टाकायचे, की त्या सहीपूर्वी विचार करायला माणसाला थोडी उसंत द्यायची, हे प्रत्येक व्यवस्थापनाला ठरवावे लागते. स्वयंचलनावरचा खर्च सार्थकी लागला की नाही, हे दिवसाला किती नमुने बाहेर पडले एवढ्यावरून कळत नाही. संशयास्पद निकाल समोर आला तेव्हा प्रयोगशाळेला थांबून त्याचा तपास करायला वेळ होता का, यावरून ते कळते. त्या बॅचची गोळी कोणत्या घरात आणि कोणाच्या हाती पडणार आहे, हे ना यंत्राला ठाऊक असते, ना माणसाला. म्हणूनच तो वेळ राखून ठेवावा लागतो.